आत्याबाईंचं इरजन

लग्न होऊन सासरी आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मला दह्याची गोष्ट ऐकायला मिळाली. सांगणारे तिघेचौघे होते आणि प्रत्येकाच्या तोंडी ती थोडी थोडी वाढत होती.

हिवरखेडच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव. साठ सालानंतरची पहिली काही वर्षं. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, घरामागे गोबरगॅस बसवला होता. आसपासच्या गावांतला तो पहिलाच. जमिनीत विहिरीसारखा बांधलेला खड्डा, त्यात शेण आणि पाणी कालवून ओतलेला शेणकाला, आणि वर पालथी घातलेली लोखंडी टाकी. आत गॅस जमला की टाकी वर उचलली जाते, वापरला की खाली बसते. खड्डा भरून पंधरा दिवस झाले तरी टाकी जागची हलेना. तेव्हा तालुक्याहून आलेले साहेब म्हणाले, "थोडं विरजण घाला, म्हणजे लवकर लागेल." एवढं सांगून ते जीपमध्ये बसून निघून गेले, आणि त्या दुपारी माझ्या सासूबाईंनी घरातलं दह्याचं सबंध मडकं नेऊन खड्ड्यात ओतलं.

साहेबांना म्हणायचं होतं, चालू असलेल्या दुसऱ्या खड्ड्यातला जुना, मुरलेला काला. तो शेवटी तिवशाजवळच्या एका मळ्यातून पत्र्याच्या डब्यांत भरून एसटीच्या टपावरून आणावा लागला. कंडक्टरला डब्यांत गूळ आहे म्हणून सांगितलं होतं. गॅस लागला, शेगडी पेटली, पण गावाला त्या निळ्या ज्योतीपेक्षा दह्याचंच कौतुक जास्त. आमचे एक चुलतसासरे तर पाहुण्यांना खड्डा दाखवताना हटकून विचारत, "कढी घेता काय?" सारे हसत. आत्याबाईही, म्हणजे माझ्या सासूबाई, पदर तोंडाशी धरून हसत आणि आत निघून जात.

मीही हसले, हे सांगून टाकते. मी अमरावतीची, शाळामास्तरांची मुलगी, रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली, आणि हे कुणी विसरू नये याची मी पुरेपूर काळजी घेत असे. माझ्या आईनं घरात "मले-तुले" बोलायची सक्त मनाई केली होती. सासरी आले तरी ती मनाई माझ्या जिभेवरून उतरली नव्हती. आत्याबाई इरजन म्हणाल्या की मी हळूच म्हणे, "विरजण, आत्याबाई."

"थेच म्हनलं मी," त्या म्हणत. "इरजन."

माझ्या लग्नानंतरची पहिलीच थंडी. आत्याबाईंना दमा होता, पण त्या थंडीत तो फार बळावला. मामंजी त्यांना अकोल्याला डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी औषधं दिली आणि बजावलं की ही थंडी धुराशिवाय काढायची. पुन्हा धुरात राहिल्या तर मी काही सांगू शकत नाही, असं ते मामंजींना बाजूला घेऊन म्हणाले. आमचं घर टिनाचं, दोन खोल्यांचं. चुलीपुढे कुणीही बसलं तरी धूर साऱ्या घरभर. स्टोव्ह होता, पण गावात रॉकेल मिळेल तेव्हा मिळे, आणि त्याच्या नुसत्या वासानंही त्यांचा जीव कासावीस होई. मग उरला तो गोबरगॅस. आणि तो नेमका थंडीत हातपाय गाळून बसला होता. सकाळचा चहा झाला की ज्योत फुरफुरून विझायची.

शेवटी पुरुषांनी ठरवलं, आत्याबाईंना अमरावतीला माझ्या नणंदेकडे ठेवायचं. तिचं स्वयंपाकघर मागच्या अंगणात वेगळं होतं. मार्गशीर्ष संपायच्या आत जावई न्यायला येतील असं पत्रही आलं.

खोटं कशाला सांगू, मला आधी बरंच वाटलं. निदान दोन-तीन महिने स्वयंपाकघर माझं. भाजीत कूट किती, भाकरी केवढी, कुणी विचारणार नाही. मी मनातल्या मनात डबेसुद्धा लावून घेतले होते.

त्या पत्राबद्दल आत्याबाई एकदाच बोलल्या. गाईचं दूध काढून आल्यावर चरवी माझ्या हातात देताना म्हणाल्या, "माही माय अशीच गेली होती लेकीकडं. दोन महिन्यासाठी. तिकडूनच गेली." आणि मग त्या खोकू लागल्या. पुरुषांना ऐकू जाऊ नये म्हणून पदराचा बोळा करून तोंडात धरला आणि भिंतीकडे तोंड करून खोकत राहिल्या. पाठ नुसती हलत होती, आवाज नाही. मी चरवी धरून उभी. लावलेले डबे माझ्या मनातून तेव्हाच खाली आले. लाज वाटली मला, फार लाज वाटली.

त्याच दिवशी जेवताना मी सगळ्यांसमोर म्हणाले, "मी टाकी चढवून दाखवते."

आमचे हे गावच्या शाळेत शिक्षक. त्यांनी मास्तरांच्याच थाटात विचारलं, "कशी?"

कशी ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. दोन दिवसांनी कळलं, तेही शेजारच्या बागवानांच्या घरी. त्यांचा फळांचा धंदा, परसात पपईची झाडं. त्या घरची थोरली बाई मटण शिजायला घालत होती. तिनं कच्च्या पपईला सुरीनं चिरा पाडल्या आणि ठिबकणारा पांढरा चीक वाटीत धरला. "गोश्त गलत नाई तं हे टाकतो मी," ती म्हणाली. "हड्डीबी गल जाती."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कॉलेजात शिकले होते की पोटात अन्न पचतं ते पाचक रसांमुळे. एन्झाइम म्हणायचो आम्ही. मोठ्या पदार्थाचे बारीक तुकडे करणं हे त्यांचं काम. पपईच्या चिकात तसाच एक जबर रस असतो. आणि गोबरगॅसचा खड्डा म्हणजे तरी काय, एक भलंमोठं पोटच. थंडीनं त्याचं पचन मंदावलं आहे, तर बाहेरून पाचक रस द्यावा. इतकी साधी गोष्ट जिल्ह्यातल्या एकाही साहेबाला सुचू नये याचं मला नवल वाटलं.

मी डझनभर कच्च्या पपया मागितल्या तेव्हा बागवानीण म्हणाली, "इत्ता गोश्त? दावत है क्या?"

"नाही, शेणासाठी."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "गोबर कौन पकाता है बाई!" पण पपया दिल्या.

मी चीक काढला, पपया किसल्या, सगळं बादलीत कालवून खड्ड्यात ओतलं. टाकी मोजायचं काम आत्याबाईंचं. खड्ड्याच्या काठापासून टाकी किती वर आहे ते त्या रोज सकाळी हाताच्या वितीनं मोजत. त्या दिवशी अर्धी वीत होती. दुसऱ्या दिवशी एक. तिसऱ्या दिवशी आत्याबाई परसातून ओरडल्या, "पोरी, दीड इत हाये वं!" चौथ्या दिवशी दुपारचा स्वयंपाक पुरता शेगडीवर झाला. मी काय हवेत होते म्हणता! यांना चहा देताना मी मुद्दाम शेगडीकडे पाहून बारीक हसले. चुलतसासरेही येऊन टाकी बघून गेले. "शिकेल सून आनली बाप्पा," ते म्हणाले, "नाई तं आमच्या वहिनीची कढी..." आणि पुन्हा तेच हसणं. त्यात मीही होते.

सहाव्या दिवशी टाकी एक वीत. आठव्या दिवशी पुन्हा अर्धी.

मी दुप्पट पपया आणल्या. या खेपेला टाकी चार बोटं चढली आणि दोन दिवसांत उतरली. तिसऱ्या खेपेला हललीसुद्धा नाही. बागवानाच्या झाडांवर आता देठच उरले होते.

मग मला इरेला पडल्यासारखं झालं. घातलेल्या रसाचं होतं काय, हे बघायचंच. पपईचा चीक कोमट दुधात पडला की दूध फाटतं, हे मला माहीत होतं. चिकात जोर आहे की नाही याची ती सोपी परीक्षा. मी एका डब्यात खड्ड्यातला काला घेतला, त्यात चीक घातला. लगेच थोडा काला फडक्यातून गाळून त्याचे थेंब वाटीभर कोमट दुधात टाकले. दूध फाटलं. दुसऱ्या दिवशी त्याच डब्यातला काला गाळून पुन्हा नवं दूध. आज फाटायला बराच वेळ लागला. तिसऱ्या दिवशी वाटी पुढे ठेवून मी भाकरीचं पीठ मळलं, भाकऱ्या झाल्या, तरी दूध जसंच्या तसं. बाटलीत वेगळा ठेवलेला चीकसुद्धा दिवसागणिक ढिला पडत होता, पण काल्यातला तर दोन दिवसांत पार संपला होता.

आत्याबाई हे सगळं उंबऱ्यात बसून बघत होत्या. "चांगलं दूध नासवून राहिली," त्या म्हणाल्या. "अन् नाई नासलं तं तोंड पाडून बसून राहिली. तुले दूध नासाले पायजे का नाई, थे तरी सांग एक डाव."

मी चिडून काहीतरी बोलले. काय ते आठवत नाही, आणि नाही आठवत तेच बरं.

अमरावतीच्या माझ्या कॉलेजातल्या सरांना मी सगळं सविस्तर पत्र लिहिलं. त्यांचं कार्ड आलं. सरांनी लिहिलं होतं की पपईचा रस हाही शेवटी खाण्याजोगा पदार्थ, खड्ड्यातल्या जंतूंनी तो खाऊन टाकला. पहिल्या खेपेला टाकी चढली ती बहुधा पपईच्या गरातल्या साखरेमुळे; पुढे तीच जास्त होऊन काला आंबला असावा. बाहेरून घातलेला रस तिथे टिकायचा नाही. जंतू आपला रस आपणच करतात, आणि तो रोज नवा होतो म्हणून पुरतो. तेव्हा रस घालत बसू नका, जंतू सांभाळा. ते कसे सांभाळायचे हे लिहायला कार्डावर जागा उरली नव्हती.

जावई यायला दहा-बारा दिवस राहिले. गॅस चहापुरताही पुरेना, आणि इतके दिवस ओट्यावर नेऊन पेटवत होते त्या स्टोव्हचं रॉकेलही संपलं, म्हणून एका सकाळी मला चूल पेटवावी लागली. दार उघडं ठेवलं, पाटीनं धूर बाहेर लोटला, आत्याबाईंना अंगणात लांब बसवलं. तरी त्यांना उबळ आली ती तासभर थांबेना. ओठ काळेनिळे झाले.  मामंजींनी माळ्यावरची ट्रंक काढून ओट्यावर ठेवली.

त्या दुपारी आत्याबाई ट्रंक भरू लागल्या. दोन लुगडी, औषधाची बाटली, मळकी पानाची चंची. भरता भरता मला सांगत होत्या, गाय कुठल्या हाताला सवयीची, तुरी कुठल्या कोठीत. आणि मग म्हणाल्या, "अन् इरजन मोडू देजो नोको. माह्या सासूनं देल्लं इरजन हाये थे. आजलोक इकत-मांगत नाई आनलं."

मला दही कधी नीट लागत नसे. विशेषतः थंडीत. मी विचारलं, "थंडीत कसं लावायचं?"

"अवं, दूध कोमट पायजे. मडक्याले गोधडी गुंडायजो. पिठाच्या कोठीपाशी ठेवजो, तिथं ऊब रायते. अन् कालच्या दह्यातलं इरजन आजच्या दुधात, आजच्यातलं उद्याच्यात. दही संपलं तरी इरजनापुरतं मांगं ठेवाच लागते."

मी ऐकत होते आणि ऐकता ऐकता माझे हात थांबले. जंतू सांभाळा, असं कार्डावर लिहून आलं होतं. या बाईनं सासूकडून घेतलेले जंतू तीस-पस्तीस वर्षं रोज सांभाळले होते.

"आत्याबाई," मी म्हणाले, "खड्ड्यातलं शेण थंडीत लावायचं असतं, तर तुम्ही काय केलं असतं?"

त्यांनी लुगड्याची घडी मोडली आणि पुन्हा घातली. "कुटार लोटलं असतं आजूबाजूनं. गोधडीसारखं. पानी उन्हात तापवून कालवलं असतं. तू इहिरीचं थंडगार पानी टाकते. अन् खड्ड्यातून भायेर पडते ना रोजचं जुनं शेन, थे घमेलंभर नव्यात कालवून रातभर ठेवलं असतं. शेनाचं इरजन शेनातच अस्ते. थे दुसरीकडून येत नाई."

"हे तुम्हाला केव्हापासून माहीत आहे?"

"थ्या तिवशाच्या डब्याईत काय आलं होतं, थे पायलं ना मी. तवाच समजलं."

"मग बोलला का नाहीत इतके दिवस?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. राग असता तर परवडला असता. "हासले ना सारे," त्या म्हणाल्या. "तूबी हासली. मंग मी काहून सांगू?"

मला रडू कोसळलं. मी ट्रंकेवर डोकं ठेवून हमसून हमसून रडले. त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, आणि थोड्या वेळानं त्यांची पाठ हलायला लागली. मला वाटलं पुन्हा उबळ आली. वर पाहिलं तर त्या हसत होत्या. "माहं दही अन् तुही पपई," त्या म्हणाल्या, "दोघी सख्ख्या बहिनी."

त्याच दिवशी आम्ही कामाला लागलो. तुरीचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, टोपल्यांनी आणून मी खड्ड्याच्या कडेनं कमरेइतकं रचलं. आत्याबाई बाजेवर बसून हुकूम सोडत होत्या, "इकडून वारा येते सातपुड्याचा, इकडं जास्त लोट." दुपारी उन्हात पाण्याच्या घागरी तापत ठेवायच्या. त्या पाण्यात शेण कालवायचं, त्यात घमेलंभर जुना काला मिसळून वर गोणपाट टाकून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी ऊन आलं की खड्ड्यात सोडायचं. पहिल्या दिवशी त्यांनी काल्यात बोट घालून पाहिलं, अगदी दुधात घालून पाहतात तसं. "होय. इतकंच कोमट."

टाकी चार दिवस ढिम्म. पाचव्या दिवशी दोन बोटं. मग रोज दोन-तीन बोटं, कधी एखादंच. पपईनं चढली होती तशी उडी मारून नव्हे. पण चढलेली उतरेना. मी सकाळी उठून आधी परसात जायची आणि टाकीला हात लावून यायची. मोजायची मात्र नाही. मोजायचा हात त्यांचा होता.

जावई आले त्या दिवशी टाकी दोन विती होती. आत्याबाईंनी त्यांना परसात नेलं आणि त्यांच्यासमोर वीत लावून दाखवली, एक आणि दोन. मग शेगडीपाशी बसून त्यांच्यासाठी स्वतः भाकऱ्या केल्या. वांग्याची भाजी, भाकरी, चहा, सगळं त्या निळ्या ज्योतीवर झालं, आणि घरात धुराचा मागमूस नव्हता. जावई जेवले, सासूला नमस्कार केला आणि संत्र्यांची पिशवी घेऊन एकटेच एसटीत बसले. मामंजींनी भरलेली ट्रंक तशीच उचलून माळ्यावर ठेवली. उतरताना त्यांचे डोळे ओले होते. मी पाहिलं ते त्यांना कळलं, तेव्हा ते माळ्यावरच्या धुळीला बोल लावू लागले.

पुढच्या एक-दोन वर्षांत गावात आणखी खड्डे झाले. ज्याचा खड्डा होई तो बादली घेऊन आमच्याच परसात येई. मागणाऱ्यानं शेण म्हटलं तर आत्याबाईंना ऐकूच जात नसे. इरजन म्हणावं लागे. आणि त्यांनी एक नियम घालून दिला होता. दिवे लागल्यावर घरातलं विरजण कुणाला देत नाहीत, हे आमच्याकडे सगळ्या बायका पाळतात. आत्याबाई तो नियम शेणालाही लावत. एकदा चुलतसासरे बादली घेऊन आले ते नेमके दिवेलागणीला. त्यांच्याही वाड्यात खड्डा झाला होता.

"वहिनी, थोडं शेन..."

"काय पायजे?"

"इरजन, वहिनी."

"दिवे लागले ना आता. दिवेलागनीले इरजन देत नस्ते कोनी. सकायी या."

बादली घेऊन परत गेले बिचारे. आत येऊन आम्ही दोघी इतक्या हसलो की त्यांना पुन्हा उबळ येते की काय अशी मला भीती वाटली.

त्यानंतर आत्याबाईंनी पाच थंड्या काढल्या. दमा होताच, तो काही कुठे गेला नाही, पण घर सोडून त्या एकदाही गेल्या नाहीत. पोळा होऊन चार दिवस झाले होते तेव्हा त्या गेल्या, आपल्या घरात, आपल्या बाजेवर. आदल्या सकाळी त्यांनी मला टाकी मोजायला लावली, कारण त्यांना उठवत नव्हतं. माझी वीत त्यांच्यापेक्षा लहान, म्हणून त्या म्हणाल्या, "तुह्या मापानं दोन म्हंजे माह्या मापानं पावनेदोन. ध्यानात ठेवजो."

त्यांचं सगळं दिवसकार्य उरकल्यावर, एका संध्याकाळी, बुद्धविहाराजवळच्या नव्या घरातली शिक्षिका बादली घेऊन आली. तिच्या खड्ड्यावर टाकी त्याच आठवड्यात बसवली होती. मी नुकताच दिवा लावून ओट्यावर आले होते. मामंजी खांबाला टेकून बसले होते. त्या दिवसांत ते कुणाशीच बोलत नसत आणि कुणाकडे बघतही नसत.

"ताई, तुमच्याकडे ते मिळतं ना," ती म्हणाली, "खड्डा लागायला?"

मी तिला सांगायला तोंड उघडलं, आणि आईनं इतक्या मेहनतीनं शिकवलेलं शुद्ध मराठी त्या क्षणी कुठे गेलं कोण जाणे.

"दिवे लागले ना आता, बाई," मी म्हणाले. "सकायी या. सकायी भेटन इरजन."

मामंजींनी झटकन मान वर केली. माझ्याकडे नाही, माझ्या मागच्या उघड्या दाराकडे. आणि ते कितीतरी वेळ तिकडेच पाहत राहिले.